नवरा म्हणतो बंदुकीच्या गोळ्यांची नोंद हा अपमान आहे, सासरे म्हणतात त्यात काय विशेष! मी कुणाचं ऐकू?

पत्र:

ताई, आम्ही कॅलिफोर्नियात ट्रेसीला राहतो. आधी मिलपिटासला भाड्याने होतो, दोन वर्षांपूर्वी घर घेतलं म्हणून इकडे आलो. दोघांचंही ग्रीन कार्ड आहे आणि नवऱ्याने आता सिटिझनशिपचा अर्ज भरायला घेतलाय. मिलपिटासला असताना शेजारी घरफोडी झाली त्यानंतर त्याने रीतसर नाइन एमएम पिस्तूल घेतलं, महिन्यातून एकदोनदा नेमबाजीच्या रेंजवर जातो. मला ते आवडत नाही पण मी अडवलंही नाही. आजवर तो गोळ्या रेंजवरच घ्यायचा आणि तिथेच संपवायचा. मागच्या महिन्यात पहिल्यांदा इथल्या दुकानात गेला तर बॅकग्राउंड चेक रिजेक्ट झाला, दुकानदार म्हणाला रेकॉर्ड मॅच होत नाहीये. मागे पाच माणसं रांगेत उभी होती. तेव्हापासून हा पेटलाय, म्हणतो मी काय गुन्हेगार आहे का, सरकारला माझ्या एकेका गोळीचा हिशोब कशाला हवा. आता म्हणतो शेजारच्या नेवाडा राज्यात रेनोला जाऊन दहा बॉक्स एकदमच घेऊन येतो, तिथे कुणी विचारत नाही. मला वाटतं चेक असायलाच हवा, आमचा मुलगा १४ वर्षांचा आहे, शाळेत दर थोड्या महिन्यांनी लॉकडाउन ड्रिल असतं त्यांचं, म्हणजे कुणी बंदूक घेऊन घुसलं तर लपायचा सराव. सासरे सहा महिन्यांसाठी आलेत, ते सिंधुदुर्गातले, त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाची बंदूक आहे, ते म्हणतात आमच्याकडे तर प्रत्येक काडतूस लिहून घेतात, तुम्ही एवढं काय मनाला लावून घेता. रोज जेवताना हाच विषय. त्यात येत्या शनिवारी नवरा सासऱ्यांना आणि पुतण्याला (तो सॅन होजेला एमएस करतोय) रेंजवर नेणार आहे, म्हणजे तिघांचा मूड तरी ठीक होईल म्हणतो. शिवाय हा कायदा रद्द करा म्हणून त्याने आमदाराला पत्र लिहिलंय, त्यावर माझी पण सही हवीये. मी काय करू?

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रात सगळ्यात साधी वाटणारी ओळ शनिवारच्या रेंजची आहे आणि मला भीती तिचीच वाटली, म्हणून आधी तेवढं सांगते आणि मग बाकीचं. सासऱ्यांना आणि पुतण्याला रेंजवर नेऊ नका. म्हणजे बाहेर काचेपलीकडे बसून बघायचं असेल तर रेंजवाल्यांना विचारून बघू देत, पण दोघांच्याही हातात पिस्तूल नको आणि गोळीही नको. सासरे व्हिजिटर व्हिसावर आहेत, पुतण्या एफ-वन म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आहे, आणि इथल्या केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट, म्हणजे ठराविक काळापुरत्या, व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक आणि गोळ्या दोन्ही बाळगायला बंदी आहे, त्यात एच-वनबी आले, एच-फोर आले, एल-वन आले, विद्यार्थी आले, सगळे आले. अपवाद आहेत थोडे, त्यातला नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्याचं वैध हंटिंग लायसन्स असणं. ते यांच्याकडे नसणारच. आपल्यातली कितीतरी पोरं नव्याने आली की ग्रुपने रेंजवर जातात, भाड्याने पिस्तूल घेतात, फोटो टाकतात, आणि त्यांना कल्पनाच नसते की भाड्याने घेऊन तिथल्या तिथे परत केलं तरी तेवढा वेळ ते "बाळगणं"च धरलं जातं. शिक्षा १५ वर्षांपर्यंतची आहे, आणि खटला नाही झाला तरी व्हिसावरच्या मुलाला असलं प्रकरण किती महागात पडतं हे मी वेगळं सांगायला नको. आणि आपला माणूस त्या व्हिसावर आहे हे माहीत असून त्याच्या हातात गोळ्या देणं हाही वेगळा गुन्हा आहे, तो तुमच्या नवऱ्याच्या नावावर लागेल.

सासऱ्यांना हे पटवणं अवघड जाईल हे मला कळतं. ज्या माणसाने आयुष्यभर रानडुकरं आणि वानरं हाकलत बागायत राखली त्याला सांगायचं की बाबा इथे तुम्ही काडतुसाला हातसुद्धा लावायचा नाही. पण नवऱ्यानेच बसून शांतपणे सांगायला हवं, तुम्ही नाही, सुनेने सांगितलं की ते वेगळ्या कानाने ऐकलं जातं. त्यांना एवढं कळलं की नातवाचा व्हिसा यात जाऊ शकतो तर ते स्वतःच नको म्हणतील असं मला त्यांच्याबद्दल तुम्ही लिहिलंय त्यावरून वाटतं.

आता दुकानातला प्रकार. तुमच्या नवऱ्याला कुणी गुन्हेगार ठरवलेलं नाही, आणि हे त्याला कुणीतरी त्याच दिवशी नीट सांगायला हवं होतं. तिथे होतं काय, की २०१९ च्या जुलैपासून कॅलिफोर्नियात गोळ्यांचा बॉक्स घेताना दुकानदार तुमचं ड्रायव्हिंग लायसन्स स्वाइप करतो आणि राज्याच्या न्याय विभागाच्या सिस्टिमला विचारतो की या नावावर आधीपासून एखाद्या बंदुकीची नोंद आहे का, आणि त्या नोंदीतलं नाव, जन्मतारीख, लायसन्स नंबर, पत्ता हे आत्ताच्या लायसन्सशी जुळतंय का. जुळलं आणि बंदीच्या यादीत नाव नसलं की काही मिनिटांत होऊन जातं, सुरुवातीला त्याची फी १ डॉलर होती. आता तुम्ही मिलपिटासहून ट्रेसीला आलात, डीएमव्हीला, म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्स देणाऱ्या खात्याला, नवा पत्ता दिला, लायसन्सवर तो आला, पण बंदुकीच्या नोंदीत पत्ता मिलपिटासचाच राहिला, कारण डीएमव्हीला कळवलं म्हणजे न्याय विभागाला आपोआप कळतं असं नाहीये. मशीनला दोन वेगळे पत्ते दिसले, त्याने नाही म्हटलं. बस एवढंच. दोन वर्षं हे लक्षात का आलं नाही तर रेंजवर घेतलेल्या आणि रेंजच्या बाहेर न नेलेल्या गोळ्यांना हा चेक लागतच नाही.

उपाय असा की न्याय विभागाची सीफार्स नावाची ऑनलाइन सिस्टिम आहे, तिथे अकाउंट उघडून आपल्या बंदुकीच्या नोंदीतला पत्ता बदलता येतो. नावही बघून घ्या. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे असतं, ते एका कागदावर पूर्ण येतं, दुसऱ्यावर नुसतं अक्षर येतं, तिसऱ्यावर पहिल्या नावालाच चिकटून येतं, आणि पासपोर्टवर तर अजून चौथंच काहीतरी असतं. पिस्तूल घेताना फॉर्मवर जे पडलं आणि लायसन्सवर जे आहे ते अक्षरशः सारखं करून घ्या. रेकॉर्ड दुरुस्त व्हायला वेळ लागतोय असं वाटलं आणि गोळ्या आत्ताच हव्या असतील तर दुसऱ्या प्रकारचा चेक आहे, त्याला १९ डॉलर पडतात आणि उत्तर यायला काही दिवस लागू शकतात, तो बंदुकीच्या नोंदीशी जुळवत नाही तर माणसालाच पहिल्यापासून तपासतो.

पण नवऱ्याचा राग अगदीच चुकीचा नाही आणि हे तुम्ही मान्य करायला हवं, निदान घरात तरी. त्याच्यासारखे एकटेदुकटे नाहीत. कायदा लागू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत सहा लाखांहून जास्त चेक झाले आणि त्यात शंभरातले १६ लोक असेच रेकॉर्ड जुळत नाही म्हणून परत पाठवले गेले. ज्यांच्यावर खरोखर बंदी होती असे सापडले ते हजाराच्या आतच. पुढे सुधारणा झाली म्हणतात, तरी २०२४ च्या कोर्टाच्या निकालात हा आकडा शंभरात ११ च्या आसपास होता. म्हणजे नियम पाळणारा, फी भरणारा, लायसन्स दाखवणारा माणूस हात हलवत परत जातो, आणि त्याला कारण कुणी धड सांगत नाही, स्वतः शोधायचं. जो कायदा लोकांनी पाळावा असं वाटतं त्याची खिडकी नीट चालली पाहिजे हो. मी या चेकच्या बाजूची आहे आणि म्हणूनच मला या गोष्टीचा जास्त राग येतो, कारण असा प्रत्येक चुकीचा नकार एक चांगला माणूस या कायद्याच्या विरोधात उभा करतो, तुमच्याच घरात बघा ना.

रेनोचं मात्र नाही म्हणजे नाही. नेवाडातला दुकानदार विकेल, त्याला काही अडचण नाही, पण कॅलिफोर्नियात राहणाऱ्या माणसाने बाहेरच्या राज्यात घेतलेल्या गोळ्या तशाच गाडीत टाकून घरी आणणं २०१८ पासून बेकायदा आहे. आधी इथल्या लायसन्सवाल्या विक्रेत्याकडे पोचवायच्या, तिथे चेक करून मग घ्यायच्या, म्हणजे फिरून तिथेच. ऑनलाइन मागवल्या तरी तेच, पार्सल दुकानात येतं, घरी येत नाही. पहिल्यांदा सापडलं तर गुन्हा छोटाच धरतात, दंडावर भागेल, आणि लोक हेच सांगून एकमेकांना धीर देतात. पण तुमचा नवरा सिटिझनशिपचा फॉर्म भरतोय, आणि त्या फॉर्मवर तुम्हाला कधी अटक झाली का, सायटेशन म्हणजे पोलिसांची चिठ्ठी मिळाली का हे सरळ विचारलेलं असतं. दहा बॉक्ससाठी तिथे "हो" लिहून वर खुलासा जोडायची वेळ आणायची का? त्याने एकदा वकिलाला फोन करून विचारावं, माझ्यापेक्षा त्याचं ऐकेल.

आता जेवणाच्या टेबलावरचं भांडण. मी तुमचं पत्र परत परत वाचलं आणि मला असं दिसतंय की तुम्ही तिघं तीन वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताय आणि प्रत्येकाला वाटतंय समोरचा आपलंच खोडतोय. तुम्हाला हवाय तो चेक, म्हणजे ज्याला कोर्टाने बंदी घातलीये, ज्याने बायकोला मारहाण केलीये, जो गंभीर गुन्ह्यात शिक्षा भोगून आलाय त्याला काउंटरवर गोळ्या मिळू नयेत. नवऱ्याला खुपतेय ती यादी, म्हणजे कुणी कुठल्या ब्रँडच्या कुठल्या मापाच्या किती गोळ्या कधी घेतल्या हे नाव-पत्त्यासकट राज्याकडे पडून राहणं. आणि सासरे बोलतायत ते मर्यादेबद्दल, वर्षाला इतकी काडतुसं, त्यापेक्षा जास्त नाही. कॅलिफोर्नियात तिसरी गोष्ट नाहीच आहे, किती घ्यायच्या यावर बंधन नाही. पहिल्या दोन आहेत आणि त्या एकाच कायद्यात बांधलेल्या आहेत म्हणून लोक त्यांना एकच समजतात, बाजूने बोलणारेही आणि विरोधात बोलणारेही.

यातल्या प्रत्येकीचा इतिहास वेगळा आहे. गोळ्यांवर लक्ष ठेवायची कल्पना इथे जुनीच, १९६८ च्या केंद्रीय कायद्याने गोळ्या विकणाऱ्यालाही लायसन्स लावलं आणि गिऱ्हाइकाची नोंद वहीत ठेवायला लावली. १९८६ मध्ये ते काढून टाकलं, आणि गंमत नाही ही, ज्या खात्याकडे ती अंमलबजावणी होती त्याच खात्याचं मत होतं की या वह्यांचा तपासाला काही खास उपयोग होत नाही. खरंच होतं ते, देशभर दुकानादुकानांतून कागदी वह्या, कोण बसून वाचणार. मग १९९३ मध्ये न्यूयॉर्कचे सिनेटर डॅनियल पॅट्रिक मॉयनिहान यांनी विषय परत उकरला, हे तेच जे सत्तरच्या दशकात भारतात अमेरिकेचे राजदूत होते. त्यांचं म्हणणं होतं की देशात बंदुका आहेत त्या दोनशे वर्षं पुरतील पण गोळ्या चारेक वर्षांत संपतील, तेव्हा लक्ष घालायचं तर गोळ्यांत घाला, आणि काही खास घातक गोळ्यांवर त्यांनी अवाच्या सवा टॅक्स सुचवला होता. तो झाला नाही. पण मुद्दा मला आजही पटतो. या देशात लोकांच्या हातातल्या बंदुका माणसांपेक्षा जास्त आहेत, २०१७ चा अंदाज ३९ कोटींचा होता, त्या काही कुणी परत गोळा करू शकत नाही. पिस्तूल नीट ठेवलं तर पन्नास वर्षं चालतं. गोळी एकदाच चालते, परत घ्यायला दुकानात यावंच लागतं, आणि तेवढ्या वर्षांत माणूस बदललेला असू शकतो. ज्या दिवशी पिस्तूल घेतलं त्या दिवशी साफ रेकॉर्ड असलेला माणूस दहा वर्षांनी घरच्यांना धमकावत असेल, कोर्टाने बंदूक जमा कर म्हणून सांगितलं असेल आणि त्याने केली नसेल. कॅलिफोर्नियात अशा, बंदी आल्यावरही नावावर बंदूक असलेल्या लोकांची यादी वीस हजारांच्या वर आहे. बंदूक विकताना केलेला चेक यांना पकडू शकत नाही. गोळ्यांचा पकडू शकतो. आणि पकडला की नुसता नकार देऊन थांबायचं नसतं, तो नकार तपास करणाऱ्यांकडे जातो आणि ते दारात जाऊन बंदूक काढून घेऊ शकतात. म्हणून मी या चेकच्या बाजूने आहे, "हजाराच्या आतच सापडले" हे ऐकूनही, कारण त्या हजारातल्या प्रत्येकाच्या घरात कुणीतरी बाई आहे, मुलं आहेत.

यादीचं मात्र तसं नाही. लॉस एंजेलिस शहरात आधीपासून गोळ्या घेताना अंगठ्याचा ठसा आणि नाव लिहून घ्यायचे. तेव्हा काउंटरवर चेक नव्हता, नुसती नोंद. संशोधकांनी २००४ मधल्या दोन महिन्यांच्या नोंदी घेऊन तपासल्या तर शंभरातले साधारण तीन खरेदीदार असे निघाले ज्यांना गोळ्या घ्यायची बंदीच होती, आणि ते आपलं खरं नाव लिहून, ठसा देऊन घेऊन गेले होते. सॅक्रामेंटोलाही २००८ पासून असंच सुरू केलं आणि तिथल्या पोलिसांनी त्या नोंदींवरून वॉरंट काढून घरांतून बंदुका जप्त केल्या. म्हणजे जिथे काउंटरवर चेक नव्हता तिथे नोंद कामाची होती. पण आता काउंटरवरच चेक होतोय तर पास झालेल्या माणसाची खरेदी पुढे वर्षानुवर्षं कशासाठी ठेवायची हा प्रश्न तुमच्या नवऱ्याने विचारला तर तो रास्त आहे. याचं एक उत्तर आहे, की कुणी स्वतः साफ असून दुसऱ्यासाठी घेत असेल तर ते एका खरेदीत दिसत नाही, बऱ्याच खरेद्या एकत्र बघितल्या तर दिसतं. पटण्यासारखं आहे, पण मग त्याला मुदत हवी. आणि या राज्याच्या न्याय विभागाकडून २०२२ च्या जूनमध्ये पिस्तूल अंगावर लपवून बाळगायच्या परवान्यासाठी अर्ज केलेल्या जवळपास दोन लाख लोकांची माहिती, नावं, पत्ते, वेबसाइटवर उघडी पडली होती. चोराला यापेक्षा चांगली यादी कुठे मिळणार. तुमच्या नवऱ्याने पिस्तूल घरफोडीच्या भीतीने घेतलं, त्याला ही यादी नकोशी वाटणं मला समजतं.

कोर्टाबद्दल त्याने सांगितलंच असेल, कारण त्याच्या बाजूचे लोक तेच सांगतात, पण अर्धवट सांगतात. या कायद्याला २०१६ मध्ये लोकांनी प्रॉप ६३ म्हणून मतदान करून मंजुरी दिली, ६३ टक्के मतं पडली. मग किम ऱ्होड कोर्टात गेल्या, त्या ऑलिम्पिकच्या नेमबाज, १९९६ ते २०१६ लागोपाठ सहा ऑलिम्पिकमध्ये मेडल मिळवलेल्या, सरावाला रोज शेकड्याने काडतुसं लागणाऱ्या. सॅन डिएगोच्या केंद्रीय कोर्टाने २०२० मध्ये आणि परत २०२४ मध्ये कायदा घटनाविरोधी ठरवला, दोन्ही वेळा वरच्या कोर्टाने लगेच स्थगिती दिली, आणि २०२५ च्या जुलैमध्ये त्याच वरच्या कोर्टाच्या तीन न्यायाधीशांपैकी दोघांनी कायद्याच्या विरोधात मत दिलं. म्हणून "कायदा गेला" अशी बातमी सगळीकडे फिरली. पण राज्याने पुढे दाद मागितली आणि त्या निकालाने दुकानातला चेक थांबला नाही. शिवाय कोर्ट हे तपासत नाहीये की चेकचा उपयोग होतो का. सुप्रीम कोर्टाच्या २०२२ च्या निकालानंतर प्रश्न असा विचारला जातो की असलं बंधन या देशाच्या जुन्या परंपरेत, म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या कायद्यांत, बसतं का. तेव्हा कोर्टात उद्या कोणीही जिंकलं तरी तुमच्या घरातला प्रश्न, की हे चांगलं आहे का, तो सुटणार नाही.

सासऱ्यांचं म्हणणं खरं आहे, आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय काडतूस मिळतच नाही, परवान्यावर बंदुकीचा प्रकार लिहिलेला, वर्षाला किती काडतुसं तेही ठरलेलं, दुकानदार आपल्या रजिस्टरला लिहितो आणि परवान्यावर किती दिली त्याची नोंद करून शिक्का मारतो. बाराबोरची लाल काडतुसं, खाली पितळेची टोपी, कोकणात ज्यांच्या घरी बंदूक आहे त्यांच्याकडे ती मोजून वापरतात. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात, नेमकी शेतात पीक उभं असताना, आणि शेतकरी कुरकुरत का होईना करतात. पण त्यांना एवढं विचारा की बाबा, एवढं सगळं लिहून घेऊनही गावठी कट्टा बंद झाला का? परवानावाल्याच्या काडतुसांचा हिशोब चोख, आणि ज्याच्याकडे परवानाच नाही त्याच्यापर्यंत वही पोचतच नाही. शिवाय तिथे बंदूक ही सरकारने दिलेली परवानगी आहे, द्यायची की नाही ते कलेक्टर ठरवतो. इथे १७९१ पासून घटनेत हक्क म्हणून लिहिलंय. तुम्हाला मला ते कितीही विचित्र वाटलं तरी इथला कायदा त्यावर उभा आहे, आणि ज्याला नागरिक व्हायचंय त्या तुमच्या नवऱ्याला "आमच्याकडे तर" म्हणून गप्प करणं बरोबर नाही. त्याला ते लागतं, आणि मग तो रेनोची भाषा करतो.

या सगळ्यात एक गोष्ट तुमच्या पत्रात आलीच नाही. पिस्तूल आणि गोळ्या घरात कुठे असतात? तुम्ही मुलाच्या शाळेतल्या ड्रिलबद्दल लिहिलंय, ती काळजी खरी आहे, मी ती हलकी करत नाही. पण २०२२ मध्ये या देशात बंदुकीने ४८ हजारांवर माणसं गेली आणि त्यातली २७ हजार आत्महत्या होत्या, म्हणजे अर्ध्याहून जास्त. तिथे कुठलाही बॅकग्राउंड चेक मधे येत नाही, कारण गोळ्या आधीच घरात आलेल्या असतात, सगळं कायदेशीर करून. १४ वर्षांचं मूल, नवीन गाव, नवीन शाळा, घरात रोज भांडण, मी तुम्हाला घाबरवत नाहीये, पण हे लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. २००५ मध्ये एक अभ्यास छापून आला होता, मुलांच्या बंदुकीच्या अपघातांचा आणि आत्महत्यांचा, त्यात दिसलं होतं की बंदूक कुलपात ठेवणं, रिकामी ठेवणं, गोळ्या कुलपात ठेवणं आणि गोळ्या बंदुकीपासून वेगळ्या ठेवणं, या चारही गोष्टींपैकी प्रत्येकीने धोका कमी होतो. २०२६ च्या जानेवारीपासून तर कॅलिफोर्नियात घरात बंदूक अंगावर किंवा हाताशी नसेल तेव्हा मान्यताप्राप्त कुलूपबंद साधनात ठेवणं कायद्यानेच सक्तीचं आहे. गोळ्यांसाठी वेगळी पेटी घ्या, वेगळ्या खोलीत, किल्ली किंवा कोड मुलाला माहीत नसलेला, त्याच्या वाढदिवसाची तारीख नको. पुतण्या घरी आला तरी ती बंद असायला हवी, मगाशी सांगितलं त्याच कारणासाठी, त्याच्या हाताशी येईल अशी ती कुठेच नको. सासरे आहेत तोवर त्यांच्यासाठीही तेच. आणि घरात कुणाचंही मन फार खचलेलं वाटलं, मुलाचं, नवऱ्याचं, तुमचं स्वतःचं, तर तेवढे दिवस पिस्तूल घराबाहेर कुठे रीतसर ठेवता येईल हे आजच विचारून ठेवा, त्या दिवशी सुचत नाही. मनाने खचलेल्यांसाठीच्या हेल्पलाइनचा ९८८ हा नंबर चोवीस तास चालू असतो.

सहीचं. नवऱ्याच्या पत्रावर तुम्ही सही करू नका, कारण तुम्हाला चेक हवाय आणि तो रद्द करा असं त्यात लिहिलंय, नवऱ्याला बरं वाटावं म्हणून आपल्या मनाविरुद्ध सरकारला काही लिहायचं नसतं. पण त्याला म्हणा दुसरं पत्र आपण दोघं मिळून लिहू. ग्रीन कार्डवर मत देता येत नाही पण आमदाराला लिहिता येतं. त्यात तीनच गोष्टी मागा. डीएमव्हीला पत्ता बदलला की बंदुकीच्या नोंदीतही तो आपोआप बदलावा, आणि तोवर ज्याला नकार मिळतो त्याच्या हातात कारण आणि दुरुस्तीचा रस्ता लिहिलेला कागद मिळावा, शक्यतो त्याला कळेल अशा भाषेत. आणि चेक पास झालेल्या माणसाच्या खरेदीची नोंद किती काळ ठेवणार, कोण बघणार, हे कायद्यात स्पष्ट लिहून ठराविक मुदतीनंतर ती पुसली जावी. यावर तुम्हा दोघांचीही सही होऊ शकते. दुकानात काय झालं ते त्याने त्यात स्वतःच्या शब्दांत लिहावं, तारखेसकट, मागे रांगेत उभी असलेली पाच माणसंसुद्धा, कारण आमदाराच्या ऑफिसात रद्द करा आणि करू नका अशी पत्रं ढिगाने येतात, पण तुमची खिडकी नेमकी कुठे अडते हे सांगणारं पत्र क्वचित येतं, आणि असं पत्र कुणीतरी बसून वाचतं.